राजाचा पुतळा, खासदाराचा चेहरा

इंग्लंडमधल्या वाँटेज गावाला रेल्वे जात नाही. डिडकॉटला उतरून बस धरायची. आई-बाबा पुण्याहून आलेले, लंडन बघून त्यांचे पाय दुखायला लागलेले, म्हणून या शनिवारी त्यांना घेऊन इकडे आले.

बाजारचौकात मधोमध आल्फ्रेड राजा उभा आहे, एका हातात परशू, दुसऱ्या हातात गुंडाळी. राजा इथलाच, जन्म 849 चा. पुतळा मात्र 1877 चा. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाक कसं होतं हे कोणाला ठाऊक? शिल्पकार काउंट ग्लायशेनने मग पुतळा देणाऱ्याचाच चेहरा राजाला बसवला, असं सांगतात. तो देणारा म्हणजे कर्नल रॉबर्ट लॉइड-लिंडसे, बर्कशायरचा खासदार.

"म्हणजे चौकात स्वतःचा फ्लेक्स लावायची पद्धत जुनीच की!" बाबा म्हणाले.

पण गड्याने नाव कमावलं होतं ते रणांगणावर. रशियाविरुद्धच्या क्रायमियाच्या युद्धात, 1854 च्या सप्टेंबरात, आल्माच्या लढाईत, स्कॉट्स फ्युसिलिअर गार्ड्सची फळी विस्कटली तेव्हा बावीस वर्षांचा हा पोरगा निशाण घेऊन जागचा हलला नाही. पुढे इंकरमनच्या लढाईतही तो असाच लढला. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. 1858 मध्ये बँकवाल्या लॉर्ड ओव्हरस्टोनच्या लेकीशी, हॅरिएट लॉइडशी लग्न झालं आणि लिंडसेचा लॉइड-लिंडसे झाला. 1865 पासून वीस वर्षं हुजूर पक्षाचा खासदार, मध्ये तीनेक वर्षं युद्धखात्याचा अर्थसचिव, शेवटी लॉर्ड वाँटेज. खरं सांगायचं तर ही वीस वर्षं मला फारशी रंगतदार वाटली नाहीत.

अपवाद 1870 चा. फ्रान्स आणि प्रशिया भिडले तेव्हा याने 'टाइम्स'ला पत्र लिहिलं: जखमींसाठी संस्था काढू या, माझे हजार पाउंड घ्या. तीच संस्था पुढे ब्रिटिश रेड क्रॉस झाली. संस्थेचे वीस हजार पाउंड व्हर्सायला प्रशियनांच्या हाती दिले, आणि वीस हजार वेढ्यात अडकलेल्या पॅरिसमध्ये. दोन्हीकडे हा स्वतः गेला.

बाबांनी तीस वर्षं बँकेत काढली आहेत. "दोन्ही पार्ट्यांना सारखीच रक्कम? पावत्या नीट घेतल्या असतील ना गं त्याने?"

दुपारी टॅक्सीने रिजवेच्या पायथ्याशी गेलो आणि वर चढलो. ही जुनी पायवाट खडूच्या टेकड्यांवरून जाते. आदल्या रात्री पाऊस झालेला, पांढरा चिखल बुटांना असा चिकटला की आईचा एक पाय घसरलाच. वर एका उंचवट्यावर संगमरवरी खांब, त्याच्या माथ्यावर क्रूस. 1901 मध्ये कर्नल वारल्यावर त्याच्या बायकोने उभारलेला. पायरीवर बसून आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. चटणी मी घरीच विसरले होते, ते मला तीनदा ऐकवण्यात आलं.

आईने खांबाला एक फेरी मारली. "अगं, चेहरा राजाला देऊन टाकला, आणि स्वतःला नुसता खांब?"

परतीच्या बसला बारा मिनिटं होती. बाबा पुन्हा पुतळ्यापाशी गेले, नाकाचा फोटो काढायला.