टॉवेलच्या मापातले बॅकस्लॅश

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे स्टॉकचे सॉफ्टवेअर आमच्याकडे देखभालीला आहे. खोकी भरून तयार असताना तेथून फोन आला की लेबलवर 30" x 60" ऐवजी 30\\\" x 60\\\" असे छापले जात आहे. इंचाची खूण म्हणजे प्रोग्रामच्या लेखी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, संपवणारे अवतरणचिन्ह, त्यामुळे गडबड कोठे असेल हे कळायला वेळ लागला नाही.

मूळ प्रोग्रामरने पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतील ॲडस्लॅशेस हे फंक्शन वापरून अशा प्रत्येक चिन्हाआधी बॅकस्लॅश लावला होता. मूल्य क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, जोडून पाठवले जात असे तोवर डेटाबेस तो गिळत होता. पुढे कोणीतरी प्रिपेअर्ड स्टेटमेंट आणले, आणि ते योग्यच केले, कारण त्यात मूल्य क्वेरीपासून वेगळे जाते व एस्केप करावेच, म्हणजे बॅकस्लॅश लावावेच, लागत नाही. मात्र जुनी ओळ तशीच राहिली. चालत्या कोडला हात लावू नये, या भित्रेपणाला आमच्या धंद्यात अनुभव म्हणतात.

ॲडस्लॅशेस बॅकस्लॅशआधीही बॅकस्लॅश लावते, म्हणून त्यानंतर रेकॉर्ड जतन केले की आधीचे बॅकस्लॅश दुप्पट होत आणि चिन्हासाठी आणखी एक लागे: 1, 3, 7, 15. लेबल छापताना एक थर, म्हणजे एका जतनात चढलेले बॅकस्लॅश, उतरत असल्याने पहिल्यांदा जतन केलेला माल बिनबोभाट जात होता.

"सगळे स्लॅश एकदम उडवून टाका," असे मालक म्हणाले. पण त्याच रेकॉर्डमधला डिझाइनच्या चित्राच्या फाइलचा मार्ग (पाथ) \\ ने सुरू होतो आणि त्यातले बॅकस्लॅश खरे असतात. म्हणून मापावरून थर मोजून संपूर्ण रेकॉर्ड तितक्याच वेळा उलटी सोडवायचे ठरवले. काही रेकॉर्ड जुळेनात: मापात एकच बॅकस्लॅश, पण मार्गाच्या सुरुवातीला सोळा, म्हणजे तीन थर. चौकशीत कळले की ऑपरेटर ताई छपाईपूर्वी मापातले स्लॅश हाताने खोडत असत; त्यांनी तक्रार केली तेव्हा आमच्याच मदतकक्षाने तसे सांगितले होते. अखेर थर मार्गावरून मोजले, आणि माप वेगळे सोडवले.

ॲडस्लॅशेसची ती ओळ आता काढली आहे. आमच्या दुसऱ्या एका ग्राहकाच्या सॉफ्टवेअरमध्येही ती सापडली. तेथे मापे सेंटिमीटरमध्ये लिहितात, म्हणून अजून कोणी बोललेले नाही.