११.२५ अंश आणि शिरोरेषा : स्विस ग्रिड देवनागरीत बसवताना

गाजलेल्या डिझायनरांची कामं पुन्हा काढून शिकायच्या माझ्या हौशी उपक्रमात या टप्प्याला दोन कामं हाती घेतली होती. झुरिकचे डिझायनर योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांचं १९५५ चं बेथोवेन पोस्टर मोजून-मापून पुन्हा काढायचं, आणि त्याच रीतीनं एका घरगुती मैफलीचं पोस्टर नि चार पानी कार्यक्रमपत्रिका मराठीत जुळवायची. पोस्टर ए३ वर छापून भिंतीवर लागलंय. पत्रिका अजून टेबलावरच आहे, आणि खरं सांगण्यासारखं तिच्यातच आहे.

आधी मागच्या कामाचं थोडक्यात. रशियन कलावंत एल लिसिट्झ्की आणि जर्मन अक्षररचनाकार यान चिखोल्ड यांच्या रचना काढून झाल्या. लिसिट्झ्कीनं १९२३ मध्ये बर्लिनला मायकोव्हस्कीच्या कवितांचं पुस्तक सजवलं, ते निव्वळ छापखान्यातल्या सामानातून : खिळे, जाड-बारीक रूळ (रेषा छापायच्या पट्ट्या), बस्स. चिखोल्डचा ‘नवी टायपोग्राफी’ (टायपोग्राफी म्हणजे छापील अक्षरांची मांडणी) हा ग्रंथ १९२८ चा; पण मला त्याची १९२७ ची म्युनिकच्या फीबुस-पालास्ट सिनेमागृहासाठीची पोस्टरं जास्त शिकवून गेली. तिरक्या ओळी देवनागरीत फार झकास बसतात. त्या मंडळींना तिरकेपणा दाखवायला वेगळा रूळ टाकावा लागायचा, आपल्याकडे शिरोरेषा तो आयता देते. चिखोल्डला १९३३ मध्ये नाझींनी अटक केली, तिथून तो बाझेलला गेला आणि पुढे आपल्याच जहाल मतांपासून इतका लांब सरकला, की १९४६ मध्ये स्विस कलावंत माक्स बिलनं त्याच्यावर जाहीर टीका केली. चिखोल्डनं उलट सुनावलं, की नव्या टायपोग्राफीच्या हट्टी शिस्तीत आपल्याला नाझींच्याच शिस्तीची छाया दिसते. या भांडणात मी अजूनही अर्धी अर्धी दोघांकडे आहे. पण काढायला घ्यायचं तर बिलच्या बाजूचं, म्हणजे स्विस, कारण तिथे मोजता येतं.

आता बेथोवेन. मूळ पोस्टर ९०.५ × १२८ सेंटिमीटर, म्हणजे स्विस भिंतींवरचं नेहमीचं ‘वेल्टफॉरमाट’. १२८ ला ९०.५ नं भागलं की १.४१४ येतात, आपल्या ए४ चंच प्रमाण. नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १९११ मध्ये कागदाच्या मापांची एक साखळी सुचवली, एक सेंटिमीटरपासून सुरू होणारी. एकाची सात वेळा दुप्पट केली की १२८. त्यांच्याकडे काम केलेल्या वाल्टर पोर्स्टमाननं तेच प्रमाण ठेवून सुरुवात मात्र एक चौरस मीटर कागदापासून केली, आणि त्यातून १९२२ चं जर्मन मानक डीआयएन ४७६ तयार झालं. आपल्या झेरॉक्सच्या दुकानातला ए४ तिथून आलेला. त्यामुळे हे पोस्टर ए३ वर आणताना काहीच छाटावं लागत नाही. ०.३२८ नं लहान करायचं, चारही कडा बरोबर बसतात.

पोस्टरवर जाड काळ्या कमानी आहेत, त्यांचा हिशेब असा. एका केंद्राभोवती कडी आहेत आणि प्रत्येक कड्याची जाडी आतल्याच्या दुप्पट : १, २, ४, ८, १६, ३२. वर्तुळाचे ३२ भाग, म्हणजे प्रत्येकी ११.२५ अंश. प्रत्येक काळी कमान यातल्याच एखाद्या रेषेवर सुरू होते नि एखाद्या रेषेवर संपते. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२ मार्गरेषा टाकल्या, कडी काढली, कापली. हे काम यांत्रिक आहे, एका दुपारचं. मजा त्यानंतर येते. यातली कुठलीही एक कमान एक घर, म्हणजे एक भाग, पुढे-मागे सरकवून बघा. नियम एकही मोडत नाही, तरी पोस्टर पडतं. नियम ३२ जागा देतो, त्यातली कुठली घ्यायची ते कानानं ठरवलेलं आहे असंच वाटत राहतं.

अक्षरांबद्दल एक खुलासा, कारण हा घोळ सगळीकडे दिसतो. ही अक्षरं हेल्व्हेटिका नव्हेत. हेल्व्हेटिका ‘नॉये हास ग्रोटेस्क’ या नावानं १९५७ मध्ये आली आणि ‘हेल्व्हेटिका’ हे नाव तिला १९६० मध्ये मिळालं. म्युलर-ब्रॉकमान यांचं आवडतं वळण अक्झिडेन्झ-ग्रोटेस्क, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, बर्लिनच्या बर्थोल्ड या खिळे ओतणाऱ्या कारखान्याचं. पोस्टरवरचा सगळा मजकूर लहान (स्मॉल) अक्षरांत आहे, जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होत असताना. हर्बर्ट बायरनं १९२५ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेत मोठी अक्षरंच हद्दपार केली होती, त्याचा हा वारसा. देवनागरीत ही बंडखोरी करायला जागाच नाही. म्हणजे मराठी पोस्टरवर ते काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावं लागणार, हे इथेच लक्षात आलं.

ते तालानं केलं. तीनताल १६ मात्रांचा. वर्तुळावर मांडला तर एक मात्रा २२.५ अंशांची, म्हणजे बरोबर दोन घरं. बत्तीस घरं म्हणजे त्याचीच दुगुण. कड्यांच्या जाडीचं दुपटीनं वाढणं उलट्या दिशेनं वाचलं तर बाहेरून आत ठाय (मूळ संथ लय), मग तिच्या दुप्पट-दुप्पट दुगुण, चौगुण, आठगुण. समेवर, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर कमानी सुरू केल्या, नवव्या मात्रेवर, म्हणजे तालाच्या टाळी नसलेल्या ‘खाली’च्या जागी, संपूर्ण पांढरी जागा सोडली. सम अगदी वर ठेवली की चित्र घड्याळासारखं दिसायला लागलं, म्हणून सगळं चक्र तीन घरं फिरवलं. तबला वाजवणाऱ्या भावानं बघितल्या बघितल्या ‘खाली’ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं, त्यामुळे मी खूश आहे. दहा मात्रांचा झपताल घेतला असता तर ३६ अंशांची मात्रा ११.२५ च्या कुठल्याच पटीत बसली नसती आणि वर्तुळ नव्यानं विभागावं लागलं असतं. तेही कधीतरी करायचंय.

आता पत्रिका, म्हणजे ग्रिड. म्युलर-ब्रॉकमान यांची पद्धत माहीत असणाऱ्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. मजकुराच्या ओळींमधलं अंतर आधी ठरवायचं. पान त्या ओळींत मोजायचं. ओळींचे गट करून चौकटी पाडायच्या, दोन चौकटींमध्ये एक ओळ रिकामी. चित्राची वरची कड शेजारच्या पहिल्या ओळीच्या अक्षरांच्या माथ्याला, खालची कड शेवटच्या ओळीच्या तळाला. एवढं जमलं की चित्र नि मजकूर एकाच घरातले दिसतात.

रोमनमध्ये १० पॉइंटची (पॉइंट हे छपाईतलं माप) अक्षरं १२ पॉइंटच्या ओळीवर सुखानं बसतात. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांच्या शेपट्या. १० पॉइंटला १६ च्या खाली गेलं की वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. (मी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरते. सात वजनं, म्हणजे जाड-बारीक प्रकार, आहेत आणि बारीक वजनातसुद्धा वळण टिकतं. जाड वजनात मात्र ‘द्ध’ नि ‘ट्ट’ लहान मापाला बुजतात, म्हणून ठळकपणा फक्त मथळ्याला.)

पहिला प्रश्न : अक्षरांचा माथा कुठला? वेलांटीचं टोक की शिरोरेषा? दोन्ही छापून शेजारी ठेवलं. वेलांटीच्या टोकाला चित्र लावलं तर ते मजकुरापेक्षा वर चढल्यासारखं दिसतं, कारण डोळा शिरोरेषेची आडवी काळी पट्टी धरतो, टोकं धरत नाही. तेव्हा चित्राची कड शिरोरेषेला, मात्रा-वेलांट्या खुशाल वर लोंबू द्यायच्या. स्क्रायबस या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड अक्षरांच्या तळाशी बांधलेला असतो, म्हणून सगळा ग्रिड अक्षराच्या उंचीइतका सरकवून घ्यावा लागतो. माझ्या मापात तळापासून शिरोरेषेपर्यंत सुमारे ६ पॉइंट.

दुसरा प्रश्न जास्त छळणारा. चौकटींमधली एक ओळ रिकामी सोडली तर वरच्या चित्राच्या तळापासून खालच्याच्या माथ्यापर्यंत ३२ वजा ६, म्हणजे २६ पॉइंट, ९ मिलिमीटरच्या वर. रोमनमध्ये हेच अंतर १७ पॉइंटच्या आसपास येतं. ए५ च्या पानावर ९ मिलिमीटरच्या भेगा पडल्या की चौकटी एकमेकींशी बोलेनाशा होतात. उपाय : मोजमापाचा घटक १६ न धरता ८ धरायचा आणि मध्ये अर्धीच ओळ सोडायची. २४ वजा ६, १८ पॉइंट. आठ ओळींची चौकट ११८ पॉइंट उंच. अशा चार चौकटी आणि मधली तीन अंतरं मिळून ५२६. ए५ ची उंची ५९५, म्हणजे वर-खाली मिळून समासाला ६९ पॉइंट उरतात. पूर्ण ओळ सोडली असती तर ४५ च उरले असते आणि पान कोंबलेलं दिसलं असतं.

याची किंमत आहे. चौकट आणि अंतर मिळून साडेआठ ओळी होतात. त्यामुळे सलग मजकूर एका चौकटीतून दुसरीत वाहू दिला तर तो शेजारच्या चित्राशी अर्ध्या ओळीनं चुकतो, तिसऱ्या चौकटीत परत जुळतो. कार्यक्रमपत्रिकेत नोंदी छोट्या असल्यानं प्रत्येक नोंद चौकटीच्या माथ्यापासूनच सुरू केली नि प्रश्न टाळला. सलग गद्याच्या पुस्तकाला हा ग्रिड मी लावणार नाही.

उजवी कड मोकळी सोडायची ही स्विस सवय मराठीला निम्मीच मानवते. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवतो, ‘कार्यक्रमांमधल्यांसाठी’ असं लांबलचक काहीतरी ओळीच्या शेवटी आलं की ते अख्खं खाली पडतं आणि वर खिंडार. ओळीत सहा शब्दांपेक्षा कमी बसत असतील तर अरुंद रकाना सोडूनच द्यावा. मी तीन रकान्यांचे दोन केले.

‘श’ आणि ‘ल’ कडे लक्ष असू द्या. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत हिंदी वळण आधी येतं. आपला देठाचा श आणि पाकळीचा ल हवा तर मजकुराची भाषा मराठी नेमावी लागते, नि फॉन्टमध्ये ती सोय असावी लागते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हीच वळणं आहेत.

स्विस रीत भारतात काही आपल्यासारख्या हौशींमुळे आलेली नाही. साठच्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत बाझेलचे डिझायनर आर्मिन होफमान शिकवून गेले, आणि युनिव्हर्स या अक्षरवळणाचे कर्ते आद्रियान फ्रुटिगर यांनी तिथल्या महेंद्र पटेल यांच्याबरोबर देवनागरीवर काम केलं. युनिव्हर्समध्ये २१ वजनं-रुंद्या अंकांनी ओळखल्या जातात, मधलं साधं ते ५५. देवनागरीकडे अशा नजरेनं बघायची सुरुवात कुठून झाली ते या कामात सापडतं.

आणि याच काळात मुंबईत नेमकं उलटं चाललं होतं. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे हातानं अक्षरं काढत होते, दर नाटकाला वेगळी, नाटकाच्या स्वभावाची. एक वळण सगळ्यांना हे झुरिकचं तत्त्व, प्रत्येकाला आपलं वळण हे आमच्या वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानाचं. पत्रिकेवर बसताना शेडग्यांच्या जाहिरातींची कात्रणं मी मुद्दाम समोरून काढून ठेवली, नाहीतर ग्रिड दहा मिनिटांत सुटला असता.

सध्याची स्थिती : पत्रिकेची पहिली दोन पानं पक्की, तिसऱ्यावर रागांची यादी, चौथं अजून कोरं. छपाई एकरंगी, साध्या, चकाकी नसलेल्या मॅपलिथो कागदावर. चकचकीत कागदावर मोठे काळे भाग उजेडात आरसा होतात.

पुढचा टप्पा टायपोग्राफर वोल्फगांग वाइनगार्ट. १९६८ पासून त्यानं बाझेललाच, होफमान आणि एमिल रूडर यांच्या शाळेत शिकवायला घेतलं आणि त्यांचाच नीटनेटकेपणा उसवला : अक्षरांमधलं अंतर बेसुमार ताणलं, फिल्मचे थर एकावर एक चढवले. देवनागरीत अंतर ताणलं की शिरोरेषा तुटते, आणि मला ती तुटलेलीच बघायची आहे. ‘मारवा’ हा एकच शब्द आधी लहान मापात, काळ्या-पांढऱ्यात ताणून बघणार. थरांसाठी जुन्या ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीट मिळाल्या आहेत.