आपण किती जण?

आमच्या ग्रुपवर आम्ही सहा जण. मागच्या महिन्यात एकानं तिथं एआय आणून बसवला. पहिल्या दिवशी नुसता हावरटपणा. कोणी काही लिहायचा अवकाश, याचं उत्तर हजर. एक मैत्रीण वैतागून "धन्य आहात!" म्हणाली, तर यानं तिचे आभार मानले. दोघांची जुनी थट्टा रंगात आली होती, त्यात "दोघांचेही मुद्दे महत्त्वाचे आहेत" म्हणत यानं तह घडवून आणला. थट्टा जागीच गार.

त्याचा तरी काय दोष? १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा गप्पा मारणारा प्रोग्राम जगापुढे ठेवला. तेव्हापासून ही जमात मुख्यतः दोघांच्या बोलण्यावरच वाढलेली. दोघांत हिशेब सोपा असतो: तुझं झालं, आता माझं. तिसरा आला की घोळ. १९७४ साली सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या संभाषणाच्या अभ्यासकांनी (तेही तिघंच, बघा) बोलण्याची पाळी कशी ठरते ते उलगडून दाखवलं. बोलणारा पुढच्याला निवडतो. नाही निवडलं, तर जो आधी तोंड उघडेल त्याची पाळी. कोणीच सरसावलं नाही, तर बोलत होता त्यानंच हवं तर पुढे रेटायचं. आणि हे सगळं किती झटपट! २००९ साली दहा भाषा तपासल्या, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांच्यातली सरासरी फट २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं ओठांवर आलेलं असतं.

तरी सहा जणांत बसलं की बोलण्यापेक्षा गप्प राहणंच जास्त वाट्याला येतं. त्यातही तऱ्हा आहेत. रुसून गप्प. 'दुसरं कोणी सांगेल' म्हणून गप्प. सगळ्यांना ठाऊक आहे, पण विषय काढायचा नाही, म्हणून सगळेच गप्प. यंत्राचं काम पुढचा शब्द काढणं; गप्प बसणं त्याला वेगळं शिकवावं लागतं. आधी 'मी बोलू का?' असं स्वतःला विचारायचं, मग बोलायचं. (ही सोय आमच्यातल्या एकाला बसवता आली तर फार बरं होईल. नाव लिहीत नाही, तो हे वाचणार आहे.)

शेवटी नावानं हाक मारली तरच बोलायचं, असं त्याला बजावलं. तेव्हापासून तो शांत आहे, पण वाचतो सगळं. कोपऱ्यातल्या अशा माणसाचं जरा दडपणच येतं. एकानं तर शिव्या कमी केल्या आहेत.

काल भेटीचं ठरत होतं. तारखा जुळेनात, म्हणून त्याला हाक मारली. त्यानं लिहिलं, "मग आपण रविवारी भेटू या." आपण! मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर, 'आपण' म्हटलं की आत. हा स्वतःच आत येऊन बसला होता. 'तुम्ही भेटा' लिहायला हवं होतं, असं वाटलं खरं. पण ते वाचून कदाचित आम्हालाच ओशाळं झालं असतं. कोणी काही बोललं नाही. ज्याच्या घरी जमायचं होतं त्यानं तेवढं विचारलं, "खुर्च्या किती मांडू?"

हाक मारलेली नसताना उत्तर आलं. "सात."