च्यू जलाशयावरचे डनलिन

मँचेस्टरहून हडर्सफील्डकडे जाणारी लोकल ग्रीनफील्डला थांबते. तिथून डोव्हस्टोनचं धरण चालत तासाभरावर आहे. सुट्टीच्या दिवशी काठावर जत्रा असते. डनलिनसारखे पक्षी बघायचे असतील, तर तिथे न रेंगाळता थेट च्यू जलाशयाचा चढ धरावा.

रस्ता डांबरी आहे, पण चांगलाच दमवतो. ओढ्यातल्या दगडावर शेपूट खालीवर हलवत तुतवार उभा होता. हिवाळ्यात उजनीच्या काठावर हटकून दिसणारा हा पक्षी इथे उन्हाळ्यात पिल्लं वाढवायला येतो. इथले तुतवार थंडीत पश्चिम आफ्रिकेकडे जातात, आपल्याकडचे वेगळ्या मुलखातून येतात. तरीही परगावी गाववाला भेटावा तसा आनंद झाला.

च्यूचं धरण 1912 साली पूर्ण झालं. उंची साधारण 490 मीटर. पाणी चहाच्या रंगाचं, कारण ते पीटमधून झिरपत येतं. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, लिबलिबीत थर. भिंतीपलीकडे नजर जाईल तिथवर मूर, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा माळ: हेदरची खुजी झुडपं, कापूसगवताचे पांढरे गोंडे, एकही झाड नाही आणि मेअखेरीसही कान बधिर करणारा वारा.

हा उजाड प्रदेश मुळात असाच असेल, असं वाटतं. पण मँचेस्टरच्या आणि आसपासच्या गिरण्यांच्या धुरातल्या गंधकाने इथलं स्फॅग्नम शेवाळ मारून टाकलं होतं. हे शेवाळ आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. ते गेलं की पीट उघडं पडतं, सुकतं, पावसात वाहून जातं आणि पेटतंही. जून 2018 मध्ये इथल्या जवळच्याच सॅडलवर्थ मूरला आग लागली, तेव्हा सैन्य बोलवावं लागलं होतं. डोव्हस्टोनच्या माथ्यावर आरएसपीबी ही पक्षी वाचवणारी संस्था आणि युनायटेड युटिलिटीज ही पाणीपुरवठा कंपनी यांनी 2010 पासून घळी बांधून पाणी अडवण्याचं आणि शेवाळ हाताने लावण्याचं काम एकत्र सुरू केलं. आपल्याकडच्या बांधबंदिस्तीचंच हे काम.

त्याचा पक्ष्यांशी संबंध काय, ते पायाशीच दिसलं. गवताच्या पात्यावर लांब पायांची, भल्यामोठ्या डासासारखी क्रेन फ्लाय लटकत होती. हिच्या अळ्या ओल्या पीटमध्ये वाढतात आणि मे-जूनमध्ये माश्या बाहेर पडतात. गोल्डन प्लोव्हर या पक्ष्याची पिल्लं नेमकी तेव्हाच खायला मागत असतात. ऑगस्टमध्ये पीट सुकलं, तर अळ्या मरतात आणि पुढच्या वर्षी पिल्लांची उपासमार होते. ओलावा टिकवणं म्हणजे पिल्लांचं ताट वाढून ठेवणं.

प्लोव्हर आधी ऐकू आला: एकच, लांब, उदास शीळ. टिटवीच्या कुळातला हा पक्षी. पाठीवर सोनेरी ठिपके आणि पोट काळं. त्याच्यावर दुर्बीण धरली, तर मागे एक इवलासा पक्षी लगबगीने चालताना दिसला. डनलिन! तांबूस पाठ, किंचित बाकदार चोच आणि पोटावर काळा डाग. प्लोव्हर चालला की हा चालायचा, तो थबकला की हाही थबकायचा. प्लोव्हर उंच आणि सावध, त्यामुळे पहारा त्याच्याकडे सोपवून डनलिन निवांत चरतो. हिवाळ्यात किनाऱ्यावर थव्यांनी दिसणारे करडे डनलिन मी पाहिले होते, पण विणीच्या रंगातला, एवढ्या जवळून, कधीच नाही. वारा विसरून मी तिथेच बसून राहिलो.

हे दोन्ही पक्षी जमिनीवरच घरटं करतात, तेव्हा मळलेली वाट सोडू नका. कुत्रा असेल, तर दोरीला बांधून न्या. आणि बार्बेक्यू इथे चुकूनही पेटवू नका. जायचं तर मेअखेर ते जूनचा मध्य हा काळ उत्तम. ऑगस्टमध्ये हेदर फुलून मूर जांभळा होतो, फोटो सुरेख येतात, पण तोवर बहुतेक डनलिन समुद्रकिनारी परतलेले असतात.