राजदूत ३५०चा पुढचा ब्रेक: डिस्क नको, ड्रमच

माझ्या जुन्या राजदूत ३५० मोटारसायकलच्या दुरुस्तीत इंजिन आणि कार्ब्युरेटरचं काम मागच्या टप्प्यात उरकलं. हा टप्पा फक्त पुढच्या ब्रेकचा.

राजदूत ३५०बद्दल दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला ‘पळते झकास, थांबत नाही’ हे येतंच. मागचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. यामाहाच्या मूळ आरडी ३५०ला १९७३पासून पुढे हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे ऑइलच्या दाबाने चकतीला पकडणारा ब्रेक, होती. एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये ती गाडी आपल्याकडे बनवायला घेतली, तेव्हा पुढे सात इंची ट्विन लीडिंग शू ड्रम आला, म्हणजे फिरत्या ड्रमला आतून दोन शू दाबणारा, केबलचा ब्रेक. त्यामुळे गाडी उघडली रे उघडली की पहिला सल्ला मिळतो, ‘डिस्क टाक आणि मोकळा हो’. तो पर्याय मी कागदावर पुरता मांडला आणि बाजूला ठेवला. डिस्कशी वैर नाही. पण हा ड्रम नीट जुळवलेला फार थोड्या गाड्यांवर दिसतो, आणि न जुळवलेला ड्रम दाबून बघून ड्रमलाच नापास करणं मला पटत नाही.

आधी डिस्कचं गणित. नुसती चकती आणि तिला पकडणारा कॅलिपर आणून भागत नाही. कॅलिपर धरायला कान असलेला फोर्कचा पाय लागतो, डिस्क बसेल असा हब लागतो, म्हणजे चाक पुन्हा विणणं आलं, आणि हँडलवर मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हरच्या जोराने ऑइल दाबणारा पिस्टन. लोक चुकतात ते या शेवटच्या वस्तूत. हाताला दिसेल तो मास्टर सिलिंडर उचलतात. पिस्टनचा व्यास थोडा बदलला तरी क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबाने बदलतं. १५.९ मिमीच्या जागी १२.७ मिमीचा मास्टर लावला, तर त्याच बोटांच्या जोराला दाब साधारण ५६ टक्के जास्त मिळतो, आणि त्या बदल्यात लिव्हर तितका जास्त आत येतो. मोठा मास्टर लावला की लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो. बघणारा म्हणतो ‘काय कडक ब्रेक आहे’, आणि गाडी मात्र थांबत नाही. कॅलिपरच्या पिस्टनचं माप घेतल्याशिवाय मास्टर घेऊ नये. त्यातून डॉट-४ प्रतीचं ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग गेलाच, आणि ते हवेतली ओल शोषतं म्हणून ठरावीक काळाने बदलावं लागतं. कोरड्या डॉट-४चा उकळबिंदू किमान २३० अंश, ओल धरलेल्याचा १५५. जुनं ऑइल घाटात दगा देतं ते त्यामुळे.

आणि पुढे टायर किती रुंद? ३.०० × १८. त्यावर जोरदार डिस्क लावली, तर आधी हार मानणार ते रबर किंवा बारीक फोर्क.

तर ड्रम. साध्या ड्रममध्ये दोन शूंपैकी एकच लीडिंग असतो, म्हणजे चाकाच्या फिरण्याने आपणहून ड्रममध्ये ओढला जाणारा. जास्तीचं काम तोच करतो. आपल्या पुढच्या चाकात प्रत्येक शूला उघडणारा स्वतःचा कॅम आहे, दोन्ही कॅम बाहेरच्या सळईने जोडलेले, आणि दोन्ही शू लीडिंग. गाडी पुढे जात असताना हे सोनं. उलट चढावर गाडी मागे सरकायला लागली की दोन्ही शू ट्रेलिंग होतात, म्हणजे ड्रमपासून ढकलले जातात, आणि पुढचा ब्रेक जवळजवळ नसल्यात जमा. ज्यांना हे ठाऊक नाही ते चढावरच्या सिग्नलला ‘ब्रेक खराब आहे’ म्हणतात. तो खराब नाही, तिथे पायाचा मागचा ब्रेक वापरायचा.

चाक काढलं. आतली धूळ हवेच्या नळीने उडवायची नाही, एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवा. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत, अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं बंद पिशवीत टाकलं. शू बाहेर आले तेव्हा गोष्ट समोरच होती. लायनर भरपूर शिल्लक, पण चकाकी फक्त मधल्या पट्ट्यावर, दोन्ही टोकं कोरी. ड्रम कधीतरी लेथवर कापला गेला होता, व्यास वाढला होता, आणि लायनर मूळ गोलाईचेच बसवले होते. म्हणजे शूचा जेमतेम तिसरा हिस्सा काम करत होता. याच्या उलट, लायनरची गोलाई ड्रमपेक्षा मोठी असेल तर टोकंच आधी लागतात आणि ब्रेक झटका देऊन पकडतो. ते जास्त धोक्याचं.

गोलाई तपासायला डायल गेज लावल्यावर ड्रम थोडा अंडाकृती निघाला. तो पुन्हा कापावा लागणार होता, आणि इथे लेथवाल्या टर्नरशी वाद ठरलेला. ‘साहेब, हब सुटा करून आणा, लगेच करून देतो.’ सुटा नाही. स्पोकचा ताण हबला खेचत असतो. सुटा हब लेथवर गोल केला आणि मग चाक विणलं की तो पुन्हा वाकडा होणार. रिम आणि स्पोक लावून, चाक सरळ करून, मगच ड्रमला कट. त्यासाठी अख्खं चाक मावेल असा मोठा लेथ शोधावा लागतो, तेवढी तंगडतोड करावीच. कट फक्त अंडाकृतीपणा जाईपर्यंत, आणि कमाल व्यासाच्या आतच. त्या मर्यादेपलीकडे गेलेला ड्रम कितीही गुळगुळीत दिसला तरी भंगारच समजायचा.

मग जाड लायनर चिकटवून घेतले. लायनर मऊ घेतलाय, कारण ही गाडी शर्यतीला जाणार नाही. कडक लायनर तापल्यावर छान पकडतात, पण थंडीत सकाळी पहिल्या चौकात काहीच करत नाहीत. चिकटवलेले शू ते धरणाऱ्या ब्रेक प्लेटवरच बसवले, कॅम आणि शूमध्ये पातळ पत्रा घालून ते किंचित उघडे ठेवले, आणि पूर्ण प्लेट लेथवर धरून लायनर ड्रमच्या व्यासाला फिरवून घेतले. सगळ्या कामातली सर्वांत मोलाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारीही हीच. नंतर ड्रमला आतून खडू फासून हलका ब्रेक लावून चाक फिरवलं. खडू लायनरवर जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत उमटला. पुढच्या कडा कानशीने थोड्या उतरवल्या, म्हणजे कड आधी अडकून झटका बसणार नाही.

आता बाहेरचं. ब्रेक पूर्ण लागलेला असताना कॅमचा हात आणि केबल यांच्यात ९० अंशांचा कोन हवा. लायनर झिजत जातात तसा हात पुढे जातो, कोन ९०च्या पलीकडे जातो आणि तरफेची ताकद घटते. आपण मात्र केबलचा अॅडजस्टर फिरवत बसतो. हात दात्यांवर एक घर मागे घेतला आणि कोन जमला. जोडसळई आधी सैल केली. केबलच्या बाजूचा शू ड्रमला नुसता घासेल इतका ब्रेक धरून ठेवला, दुसरा कॅम हाताने फिरवून त्याचा शू त्याच क्षणी लागेल तिथे आणला आणि सळईची लांबी तेवढी करून नट आवळला. हे चुकलं की ट्विन लीडिंग शूचा एकच शू काम करतो आणि दुसरा मजा बघतो.

चाक बसवताना अॅक्सलचा नट सैल ठेवायचा, ब्रेक जोरात दाबून धरायचा आणि तसाच धरून नट आवळायचा. प्लेट ड्रमच्या मधोमध बसते. फुकटचं काम आहे, तरी फरक लिव्हरवर लगेच कळतो.

केबल नवी, बाहेरचं आवरण जाड. जुनं आवरण ब्रेक दाबताना डोळ्यांदेखत आखडत होतं, म्हणजे बोटांचा जोर आवरण दाबण्यातच जिरत होता.

रस्त्यावर आधी लायनर बसू दिले: मध्यम वेगातून मध्यम दाबाने ब्रेक, मग ड्रम थंड होईपर्यंत नुसतं चालवणं, पुन्हा तेच. एकदम जोरात दाबून चाकं लॉक करून बघण्याचा मोह होतो. तसं केलं की नवा लायनर काचेसारखा चकाकतो आणि लेथवरची मेहनत वाया. मग चाक पुन्हा काढून ठसा पाहिला. सारखा होता.

आता दोन बोटांत गाडी सरळ रेषेत थांबते, फोर्क चांगला दबतो, लिव्हर हँडलपर्यंत येत नाही. ही डिस्क नाही, हेही खरं. लांब उतारावर सारखा ब्रेक धरला की ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो आणि लिव्हरचा प्रवास वाढतो. डिस्क तापून फुगली तर पॅडच्या जवळच येते, ड्रमचं उलट. त्यात टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावापुरतंच. म्हणून उतारावर धरून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ जोरात दाबून सोडतो, आणि पुढच्या वाहनापासून अंतर वाढवतो. गाडी धुतल्यावर किंवा पाणी साचलेल्या रस्त्यातून आल्यावर पहिला ब्रेक हमखास वाया जातो. चालता चालता हलका दाबून ड्रम सुकवून घ्यायचा.

ज्याला रोज हायवे मारायचा आहे, त्याने डिस्क लावावी, मी अडवणार नाही. फक्त मास्टरचं माप बघूनच.

पुढच्या टप्प्यात मागचा ब्रेक. तिथे पेडलच्या बुशीत खेळ आहे आणि ब्रेकलाइटचा स्विच ब्रेक लागून गेल्यावर पेटतो, तो आधी वर घ्यायचाय.