तुम्ही विचारलंत म्हणून: संस्थेच्या हिशेबाच्या प्रोग्रामचं काम सुरू कधी करणार?

"पेट्या किती गेल्या, पैसे किती आले, एवढंच तर पाहिजे. त्याला महिनाभर विचारपूस कशाला?" रत्नागिरी-देवगडकडच्या आंबा संस्थांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

पेटी हे माप नाही. मोठं फळ असेल तर चार डझन, बारीक असेल तर सात-आठही बसतात. म्हणून पेटीसोबत प्रत (फळाचा दर्जा) आणि डझन हे रकाने लागतात. बागायतदाराला क्रमांक लागतो, कारण एका वाडीत एकाच नाव-आडनावाचे दोघेतिघे सहज निघतात. इथपर्यंत तुम्ही मान डोलावता.

अडतं ते पट्टीपाशी, म्हणजे दलाल पाठवतो त्या विक्रीच्या हिशेबापाशी. समजा, 29 मार्चला 40 पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या. 25 पेट्या 30 तारखेला विकल्या, उरलेल्या 15 पेट्या 2 एप्रिलला, पडत्या दराने. दलालाने दोन पट्ट्या पाठवल्या आणि दुसरीत 31 मार्चच्या गाडीतल्या 10 पेट्याही घातल्या, भाडं-हमाली एकत्र कापून. चलनाच्या, म्हणजे माल पाठवतानाच्या कागदाच्या, तक्त्यात पट्टी क्रमांकाचा एकच रकाना असेल, तर दुसरी पट्टी लिहायची कुठे? क्लार्क ती शेऱ्यात लिहितो, आणि शेऱ्याची बेरीज होत नाही. चलन आणि पट्टी यांच्या मध्ये तिसरा तक्ता हवा: कुठल्या चलनातल्या किती पेट्या, कुठल्या पट्टीत, काय दराने, कापलेल्या भाड्यात त्यांचा वाटा किती. तारखाही तीन हव्यात: रवानगी, विक्री, नोंद. हंगाम चालू असतानाच आर्थिक वर्ष संपतं. नुसती रवानगीची तारीख धरली तर न विकलेल्या 15 पेट्यांचे पैसे जुन्या वर्षात पडतात. नुसती विक्रीची धरली तर 31 मार्चला त्या पेट्या कुठेच नसतात.

हे छापील फॉर्मवर दिसत नाही. तुम्ही नमुन्याला स्वच्छ पट्टी काढून देता. मला खाडाखोड केलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा हवा असतो.

पूर्वी मी म्हणायचो, सगळं समजल्याशिवाय प्रोग्रामची एक ओळ लिहायची नाही. आता तसं म्हणवत नाही. कच्चा स्क्रीन समोर ठेवला की क्लार्क जे सांगतो, ते नुसत्या प्रश्नांनी निघत नाही. पण तोच स्क्रीन बघून तुम्ही म्हणता, झालंच की!

आणि 31 मार्चला त्या 15 पेट्या कुणाच्या? संस्थेने विकत घेतल्या असतील तर संस्थेचा साठा, अडतीवर (दलालामार्फत नुसत्या विकायला) पाठवल्या असतील तर बागायतदाराचा. सचिव खरेदी म्हणतात, खजिनदार अडत. प्रोग्राममध्ये दोन्ही सोयी ठेवता येतात. मला ते पटत नाही. दोन्हींपैकी एक काय ते ठरवा, तेवढा ठराव करून द्या.