आमची वाटचाल : टिळकवाडीतल्या दोन खोल्या आणि झेड ७९

बी फार्म करून बेंगळूरला मेडिकल कोडिंगला लागले, म्हणजे अमेरिकेतल्या पेशंटांचे रेकॉर्ड वाचून आजारांना, औषधांना ठरलेले कोड लावायचं काम, आणि २०१५ च्या १ ऑक्टोबरला अमेरिकेत कोडची जुनी यादी आयसीडी-९ जाऊन नवीन आयसीडी-१०-सीएम आली, पेशंट एखादं औषध कायम घेतोय हे दाखवायचे व्ही ५८.६ चे कोड तोंडपाठ होते ते गेले आणि त्या जागी झेड ७९ आलं.

२०१८ ला बाबांना स्टेंट बसवला म्हणून बेळगावला परत आले. टिळकवाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तीन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर (पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही), आणि एका मोठ्या कंपनीकडून हार्टच्या पेशंटांचे चार्ट मिळाले.

पहिल्याच ऑडिटला निम्मं काम परत आलं. चूक आमचीच होती. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना आम्ही झेड ७९.०१ लावत होतो. रात्रभर मला कळेना हे झालं कसं, सकाळी घरी गेले तर बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, "रक्त पातळ व्हायची गोळी घेऊलालोय." तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन सगळ्याला हेच एक नाव, कोडमध्ये मात्र तीन वेगळी घरं. वॉरफेरिन, अ‍ॅपिक्सबान रक्त गोठवणाऱ्या घटकांवर काम करतात, ते ७९.०१. क्लोपिडोग्रेल प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही, ते ७९.०२. अ‍ॅस्पिरिनही प्लेटलेटवरच चालते पण तिला स्वतःचा ७९.८२ आहे. ऑपरेशनआधी कुठली गोळी कधी थांबवायची हे त्या औषधावर ठरतं, त्यामुळे रेकॉर्डमध्ये चुकीचं घर लागलं तर ते नुसतं बिलाचं प्रकरण राहत नाही, असं मला मनापासून वाटतं.

शुगरचंही तसंच. टाइप दोनच्या पेशंटला अ‍ॅडमिट असताना शुगर खाली आणायला तेवढ्यापुरतं इन्सुलिन दिलं तर ७९.४ लावायचा नाही, पण कायम इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही चालू असतील तर ७९.४ आणि ७९.८४ दोन्ही. सेमाग्लुटाइडसारख्या, इन्सुलिन नसलेल्या शुगरच्या इंजेक्शनला ऑक्टोबर २०२२ पासून ७९.८५ आलाय. दर १ ऑक्टोबरला नवीन नियम, म्हणजे नवरात्राच्या आसपास आमचा अभ्यास चालू, पहाटे शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्यावर दुर्गामाता दौड निघालेली असते.

आता आम्ही अकरा जण आहोत, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं, बहुतेक जण घरातले पहिले ग्रॅज्युएट. नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी मी पुस्तक देत नाही, घरच्यांच्या गोळ्यांची नावं लिहून आणायला सांगते. मागच्या आठवड्यात खानापूरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आजी गुडघा दुखला की दोन दिवस पेनकिलर घेते, पेनकिलरचा ७९.१ लावू?" मी विचारलं, रोज घेते का? नाही म्हणाली, आणि वहीतला कोड स्वतःच खोडला.